आत्तींचा वॉटर बेड रिकामा करून दुसऱ्या घरी न्यायचाय, कसा नेऊ?

परड्यातली_जास्वंद | २४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, जामदार क्लबच्या पुढं, पंचगंगेच्या अंगाला. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून त्या पलंगावरच आहेत. पहिल्याच महिन्यात माकडहाडापाशी कातडी लाल झाली, तेव्हा डॉक्टरांनी वॉटर बेड घ्यायला सांगितला. निळ्या रबरी कापडाची पिशवी आहे, साडेसहा फूट बाय तीन फूट, नेहमीच्या गादीवर अंथरलेली. १५ लिटरच्या बादलीनं मोजून सात बादल्या मी स्वतः भरल्या होत्या. त्यानंतर आत्तींच्या पाठीला एकही जखम झालेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, पुराचं पाणी होतं. तेव्हा आत्ती चालत्या होत्या, हाताला धरून बाहेर आल्या. आता तसं होणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, ते आकडे रात्रभर मोबाइलवर बघत बसायची माझी तयारी नाही. मृग निघायच्या आत साने गुरुजी वसाहतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलंय. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

अडचण अशी की बेडला बूच एकच, तेही उशाकडच्या कोपऱ्यात वरच्या बाजूला. उलटा करावा तर शंभर किलो वजन. मोरी मागं आहे, पण घर जुनं, त्यामुळं मोरी दोन पायऱ्या वर. दुकानात विचारलं तर म्हणाले, कापून टाका आणि नवीन घ्या. चांगली वस्तू कापायला माझा हात धजत नाही. कुणी असा बेड रिकामा करून हलवलाय का?

कट्टेकरी | २४ मे, रात्री १०:५२

टुल्लू पंप लावा वैनी, दहा मिनिटांत खेळ खल्लास.

उद्यमनगरी_लेथ | २४ मे, रात्री ११:१५

टुल्लू नको. पंपाची ओढ जोरात असते, वरचं कापड नळीच्या तोंडाला चिकटतं आणि पंप कोरडा फिरत बसतो. शिवाय ओल्या फरशीवर विजेची वायर, शेजारी आजारी माणूस. ते नकोच.

साधी नळी पुरते. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. बुचाच्या भोकात सैलसर जाईल अशी घ्या. आत जाणारं टोक तिरकं कापा आणि शेवटच्या चार बोटांत खिळा तापवून पाच-सहा भोकं पाडा, म्हणजे कापडानं तोंड झाकलं तरी बाजूनं पाणी येत राहील. हे विसरलात तर दर दोन मिनिटांनी पाणी थांबेल.

नळी आधी नळावर पाण्यानं पूर्ण भरा. पारदर्शक असल्यानं आत हवेचा बुडबुडा राहिला तर दिसतो. दोन्ही टोकांवर अंगठे दाबून आणा, एक टोक बेडच्या तळापर्यंत घाला, मग दुसरं सोडा. पेट्रोल ओढतात तसं तोंडानं ओढू नका, दीड वर्षाचं साठलेलं पाणी आहे ते.

आता मोरीचं. बाहेरचं टोक बेडच्या तळापेक्षा खाली असेल तरच सगळं पाणी येतं. मोरी दोन पायऱ्या वर म्हणजे तिकडं जाणार नाही. तुमचा सोपा रस्त्याकडं खाली असणार, जुन्या घरांत असतोच. तिकडून गटारीपर्यंत न्या. तीस फूट नळी लागली तरी चालेल, वेळ थोडा जास्त लागेल एवढंच.

मोरपीस | २४ मे, रात्री ११:३१

म्हणजे पिशवीत हवा जायला दुसरं भोक लागत नाही? पत्र्याच्या डब्याला तर दोन भोकं पाडावी लागतात.

उद्यमनगरी_लेथ | २४ मे, रात्री ११:३८

@मोरपीस, डबा कडक असतो म्हणून. पिशवी मऊ आहे, पाणी जाईल तशी बाहेरच्या हवेच्या दाबानं ती आपोआप चपटी होते. हवा आत न गेलेलीच बरी, शेवटी वळकटी करताना त्रास कमी होतो.

बावड्याचा_पैलवान | २५ मे, सकाळी ७:०५

एवढा खटाटोप कशाला? शंभर किलो म्हंजे काय वजन झालं का? आमच्या तालमीतली चार पोरं आणतो, चार कोपरे धरतो आणि टेम्पोत टाकतो. पाण्यासकट. पाच मिनिटांचं काम हाय.

स्थापत्य | २५ मे, सकाळी ८:२०

पैलवान, तुमच्या पोरांच्या ताकदीबद्दल शंका नाही, पण पाणी हे काही सिमेंटचं पोतं नव्हे. कोपरे उचलले की सगळं पाणी मधे जमतं आणि वजन शिवणीवर येतं. जिन्यात एक बाजू वर झाली की शंभरच्या शंभर लिटर खालच्या माणसाकडं धावत येतात.

मोरपीस | २५ मे, सकाळी ९:०२

हे आमच्याकडं खरंच झालंय. वडिलांच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून भाऊ आणि मेहुणे दोघांनी भरलेला बेड नुसता बाजूच्या खोलीत ओढायचं ठरवलं. उंबऱ्यावर खालची शिवण उसवली. लोट बाहेर आला तो थेट कोठीच्या खोलीत, जोंधळ्याचं पोतं भिजलं. त्या दिवशी बाबांना आठ तास साध्या गादीवर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. तो भरायला सव्वा महिना लागला. बेड फाटल्याचं आम्हाला काही वाटलं नाही, पण त्या फोडाचं अजून वाटतं. जास्वंद, रिकामा करूनच न्या.

ओहायोकर | २५ मे, सकाळी ९:४०

मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता अमेरिकेत. इथं झोपायचे मोठे वॉटर बेड असतात, लाकडी चौकटीत बसवलेले. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात आधीच्या माणसानं सोडलेला एक होता. साधारण ७५० लिटर पाणी. खाली गरम करायची चटई असते, कारण पाणी खोलीइतकंच थंड राहतं आणि रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतं. रिकामा करताना पहिलं काम त्या चटईचा प्लग काढायचा. पाणी गेल्यावर ती चालू राहिली तर प्लॅस्टिक वितळतं.

काहींच्या आत लाटा कमी करायला तंतूंचे थर असतात. ते बेड कधीही ओढू नयेत, थर आत गोळा होऊन बसतात आणि मग गादी सारखी होत नाही. सगळं पाणी काढून वळकटी करूनच हलवायचे. रिकामा करायला आम्हाला पूर्ण दुपार लागली होती.

गंमत म्हणजे हा बेड एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून आला. चार्ल्स हॉल, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डिझाइन शिकत होता, साल १९६८. आधी त्यानं मक्याच्या पिठाची खळ भरून खुर्ची केली. ती भयंकर जड झाली, मग पाण्याकडं वळला. १९७१ मध्ये पेटंट मिळालं.

वाचनवेडा | २५ मे, सकाळी १०:३०

@ओहायोकर, हॉलचा बेड झोपायचा. जास्वंदताईंच्या आत्तींचा बेड त्याच्या फार आधीचा. नील अर्नॉट नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमा बघून त्यांनी १८३० च्या दशकात पाण्याचा बिछाना केला. हौदासारख्या पेटीत पाणी, त्यावर रबर लावलेलं सैल कापड आणि वर गादी. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, कुणीही करून वापरावा म्हणून. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पुढं इंग्लंडमध्ये हूपर नावाच्या माणसाच्या रबरी पाण्याच्या गाद्याही निघाल्या. म्हणजे पाण्याची गादी मुळात आजाऱ्यांसाठीच जन्मली, चैनीसाठी नंतर आली.

रंकाळा_काठ | २५ मे, सकाळी ११:१२

दुसऱ्या मजल्यावर एवढं पाणी ठेवलं तर स्लॅबला काही होणार नाही ना? घरमालक विचारेल.

स्थापत्य | २५ मे, सकाळी ११:४०

काही होत नाही. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणं चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. आत्तींच्या बेडमध्ये १०५ लिटर, म्हणजे १०५ किलो, आणि क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. चौरस मीटरला साठ किलोही होत नाही. पुस्तकांचं कपाट याहून जड असतं. ओहायोकरांचा मोठा बेड मात्र वेगळा. २० सेंटिमीटर पाणी म्हटलं की चौरस मीटरला नुसत्या पाण्याचेच २०० किलो झाले, वर चौकट आणि माणसं. तो आपल्याकडच्या जुन्या माडीवर कुणी चढवू नये.

कट्टेकरी | २५ मे, दुपारी १२:०५

नवीन पाणी भरताना तुरटी फिरवा, वास येत न्हाई.

उद्यमनगरी_लेथ | २५ मे, दुपारी १२:२०

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उलट तो गाळ पिशवीच्या तळाशी साठेल आणि धुता येणार नाही. आधी दोन वेळा साध्या पाण्यानं खळबळून घ्या, मग गाळलेलं स्वच्छ पाणी भरा.

वॉर्डातली_ताई | २५ मे, दुपारी ३:५०

ड्यूटीवरून आत्ता आले. सगळं वाचलं. नळीचं उत्तर उत्तम आहे. पण पाणी काढायचं, वाहून न्यायचं, परत भरायचं, या सगळ्या वेळात आत्ती कशावर झोपणार, हे अजून कुणी विचारलंच नाही. मोरपीस यांच्या वडिलांचं नेमकं तिथंच झालं.

हिशोब करा. रिकामा करायला तास, गुंडाळून टेम्पो, दोन जिने, परत भरायला तास. सकाळी सुरुवात केली तरी दुपार होते. आणि भरला म्हणजे झाला असंही नाही. पाणी खोलीच्या तापमानाला यायला बराच वेळ जातो. थंड पाण्यावर झोपवलं तर अंगात हुडहुडी भरते. मे महिन्यात उलटा धोका: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत येतं. आत्तींची डावी बाजू बधिर असेल तर चटका त्यांना कळणारही नाही. म्हणून भरताना हातानं नव्हे, कोपरानं पाणी बघा. कोपराची कातडी जास्त खरं सांगते, बाळाचं पाणी आपण तसंच बघतो की.

माझं म्हणणं असं: दुसरा बेड चार दिवसांसाठी भाड्यानं किंवा मागून आणा. आदल्या दिवशी सकाळी नव्या घरी भरून ठेवा. आत्ती या बेडवरून उठतील त्या थेट त्या बेडवर. त्या तिकडं पोचल्यावर हा बेड सावकाश रिकामा करा, कसलीच घाई नाही.

भरला की तपासायचं कसं, तेही लिहिते. आत्तींना झोपवा. त्यांच्या कमरेखाली, पण बेडच्या खाली, तळवा वर करून हात घाला. हाताला निदान इंचभर पाण्याचा गुबगुबीत थर लागला पाहिजे. हाड टेकल्यासारखं लागलं तर पाणी कमी आहे. बेड ढोलासारखा ताठ असेल तर जास्त आहे, त्याचा उपयोग नाही. पूर्ण भरायचा नसतोच. वरून एकच सुती चादर, ताणून खोचायची नाही, नाहीतर पाण्याचं मऊपण चादरच खाते.

आणि बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. दर दोन तासांनी.

परड्यातली_जास्वंद | २५ मे, दुपारी ४:२५

ताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी दोन दिवस बुचाचाच विचार करत होते. कोपरानं बघायचं मला सुचलंच नसतं. टाचांखाली काय ठेवू? सध्या कापडाची चुंबळ ठेवते.

वॉर्डातली_ताई | २५ मे, दुपारी ४:४०

चुंबळ काढा, आजच काढा. गोल कडेनं रक्त अडतं आणि मधली कातडी फुगते. पोटरीखाली पातळ उशी आडवी ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

अविनाश_कळंबा | २५ मे, संध्याकाळी ६:१०

एवढं करण्यापेक्षा एअर बेड घ्या. आमच्या आईला तोच आहे. कप्प्याकप्प्यात आळीपाळीनं हवा भरते, उचलायला हलका, घर बदलताना पंप काढला की घडी.

मोरपीस | २५ मे, संध्याकाळी ६:३५

एअर बेड आमच्याकडंही होता. वीज गेली की तास-दोन तासांत बसतो. पावसाळ्यात आमच्या भागात वीज जातेच. शिवाय पंपाची घरघर बाबांना रात्रभर ऐकू यायची.

वॉर्डातली_ताई | २५ मे, रात्री ९:००

दोन्ही चांगले. जखम आधीच असेल, कूस बदलणारं माणूस कमी असेल तर आम्ही एअर बेड सुचवतो. आत्तींची कातडी दीड वर्ष चांगली आहे, त्यांना पाण्याची सवय आहे. बदलायचं कारण नाही.

बावड्याचा_पैलवान | २५ मे, रात्री ९:३०

वैनी, आमच्या मंडळाकडं रुग्णांसाठी साहित्य ठेवलंय. वॉटर बेड एक हाय, मोकळा हाय. उद्या तपासून, भरून, रात्रभर ठेवून गळत न्हाई ना बघतो आणि पोच करतो. अनामत नको. आणि बेड उचलायचं राहू द्या, आत्तींना दोन मजले चढवायला पोरं येत्यात. खुर्चीतनं नेतो, पुढं दोन मागं दोन. आज्जीला जपून कसं न्यायचं ते आम्हाला शिकवावं लागणार न्हाई.

वॉर्डातली_ताई | २५ मे, रात्री ९:४८

पैलवान, हात्यांची भक्कम खुर्ची घ्या. पाठ खुर्चीला टेकलेली, छाती आणि मांड्यांवरून साडी दुहेरी करून बांधा, डावा हात मांडीवर झोळीत. तो लोंबकळला तर खांदा निखळतो. चढताना त्यांचं तोंड जिन्याच्या उताराकडं, पाठ वर जाण्याच्या दिशेला. आणि आत्तींना आधी सांगा काय करणार आहात ते. बोलता येत नसलं तरी सगळं कळत असतं.

रंकाळा_काठ | २६ मे, सकाळी ८:१५

जरा विषय सोडून विचारतो. आमच्या बेडला सुईएवढं भोक आहे. सायकल पंक्चरवाल्यानं ठिगळ लावलं, दुसऱ्या दिवशी सुटलं. कशानं?

उद्यमनगरी_लेथ | २६ मे, सकाळी ८:४०

तुमचा बेड रबरी कापडाचा नसून पीव्हीसीचा असणार, गुळगुळीत आणि चकचकीत. ट्यूबचं सोल्यूशन रबराला धरतं, पीव्हीसीला धरत नाही. पीव्हीसीसाठीचं वेगळं चिकटवायचं द्रव्य आणि पीव्हीसीचाच तुकडा घ्या. भोकाभोवती आधी कोरडं करा, स्पिरिटनं पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा उचकटतो. वर वजन ठेवून चोवीस तास हात लावू नका. जास्वंदताईंचा निळा कापडी दिसतो, त्याला पंक्चरवाला चालेल.

परड्यातली_जास्वंद | ३ जून, रात्री ११:२०

मंडळी, काल झालं. सविस्तर लिहिते, कारण पुढं कुणाला तरी लागेल.

पैलवान भाऊंनी बेड ३० तारखेला आणून दिला. १ तारखेला सकाळी सहाला नव्या घरी भरला, टाकीचं पाणी तापायच्या आत. दुसऱ्या दिवशी कोपर लावून बघितलं, ना गार ना ऊन. ताईंनी सांगितल्याप्रमाणं हात घालून तपासलं तर कमरेखाली पाणी कमी वाटलं. अर्धी बादली वाढवली.

आत्तींना सांगितलं होतं. निघताना त्यांनी देवघराकडं न्यायची खूण केली. पोरांनी खुर्ची देव्हाऱ्यापुढं पाच मिनिटं धरून ठेवली, कुणी घाई केली नाही. जिन्यात पुढच्या पोराच्या खांद्यावर आत्तींनी उजवा हात घट्ट ठेवला होता. वर पोचल्यावर त्या तोच हात त्याच्या गालावरून फिरवत राहिल्या.

दुपारी मी आणि धाकटे दीर जुना बेड रिकामा करायला परत गेलो. नळी बत्तीस फूट. पहिल्या वेळी बुडबुडा राहिला, पाणी आलं नाही. दुसऱ्यांदा नळाखाली नळीचं एक टोक उंच धरून हळूहळू भरली, तेव्हा धार लागली. पायाकडच्या बाजूला दोन वाकळा दुमडून घातल्या, म्हणजे पाणी उशाकडं सरकत राहिलं. पाऊण तासात बरंचसं गेलं. बेड तळाला चपटा झाल्यावर धार तुटली. मग पायाकडून घट्ट वळकटी करत बुचाकडं आणला आणि बूच परातीत धरलं. त्यातून आणखी जवळजवळ दोन बादल्या निघाल्या. पाण्याला रबराचा वास आणि किंचित हिरवट झाक होती, म्हणून ते परड्यात घातलं नाही. रस्त्याकडंच सोडलं.

खळबळून धुतला, सावलीत वाळवला. बुचाचा रबरी वायसर कडक होऊन चिरला होता, तो तेवढा बदलायला हवा.

उद्यमनगरी_लेथ | ३ जून, रात्री ११:४५

वायसरचं माप पाठवा, आमच्याकडं रबरी शीट आहे, कापून देतो. बेड ठेवताना घडी घालू नका, घडीवर चिरतो. बाहेरून पावडर लावून सैल वळकटीच ठेवा. उंदरांपासून जपा.

मोरपीस | ४ जून, सकाळी ७:३०

आत्तींना झोप लागली का?

परड्यातली_जास्वंद | ४ जून, सकाळी ९:१०

पहिल्या रात्री नाही लागली. खिडकीकडं बघत होत्या. काल लागली. पाठ बघितली, टाचा बघितल्या, कुठंही लाल नाही.

सई_फुलेवाडी | १९ जून, दुपारी २:१५

आजच धागा सापडला. आमच्या आजोबांचा बेड असाच हलवायचा आहे, पाऊस वाढायच्या आत. बूच वरच्याच बाजूला आहे. एवढी लांब नळी एका दिवसासाठी विकत घेऊ का?

परड्यातली_जास्वंद | १९ जून, दुपारी २:४०

घेऊ नका. माझी बत्तीस फुटांची भोकं पाडलेली नळी धुऊन ठेवलीय. साने गुरुजी वसाहतीतून फुलेवाडीला दहा मिनिटं लागतात, संध्याकाळी दीर आणून देतील. आधी आजोबांसाठी दुसरा बेड भरलेला आहे का ते सांगा. नसेल तर मंडळाचा बेड कालच पैलवान भाऊंकडं परत गेलाय, त्यांना इथंच विचारा.

बावड्याचा_पैलवान | १९ जून, दुपारी २:५५

मोकळा हाय. जिना किती मजल्यांचा तेवढं सांगा ताई.